खुराड्याचा बंदोबस्त

मागील प्रकरणात खुराड्याची जागा, त्याची दिशा आणि त्यात खेळणारी हवा यांचा विचार झाला. आता त्याच खुराड्याच्या संरक्षणाचा, म्हणजे प्रामुख्याने तारेच्या जाळीचा, विचार करावयाचा आहे. परसात दहा-वीस कोंबड्या बाळगणारा गृहस्थ खाद्याची चौकशी करतो, मानमोडीची लस वेळेवर टोचून घेतो, अंड्यांचा हिशेबही लिहून ठेवतो. परंतु जाळी मात्र बाजारात स्वस्त मिळेल ती आणतो, आणि कोंबडी तिच्यातून बाहेर पडत नाही एवढी खात्री पटली की बंदोबस्त पुरा झाला असे मानतो. या समजुतीतच पुढील अनर्थाचे मूळ आहे. कोंबडीला अडवून धरणे हे जाळीचे सर्वांत सोपे काम. तिची खरी कसोटी मध्यरात्री बाहेरच्या बाजूने, दातांनी, नखांनी आणि अंगाच्या भाराने लागते, आणि त्या कसोटीच्या वेळी मालक झोपेत असतो.

या कामाची निकड समजावयाची असेल तर कोंबडीच्या पूर्वस्थितीकडे पाहिले पाहिजे. सह्याद्रीच्या रानातील रानकोंबडी दिवस मावळताच झाडाच्या फांदीवर चढते. अंधारात तिला फारसे दिसत नाही, म्हणून उंची हेच तिचे रात्रीचे संरक्षण आणि ऐनवेळी पंख हाच तिचा आधार असतो. माणसाने कोंबडी माणसाळवली, अंड्यांसाठी आणि मांसासाठी तिचे वजन वाढविले, तिच्या पंखांचे बळ घटविले आणि रात्री तिला चार भिंतींत कोंडले. पळून जाण्याचा तिचा निसर्गदत्त हक्क आपण काढून घेतला. तेव्हा त्याच्या मोबदल्यात अभेद्य निवारा देण्याची जबाबदारी आपल्यावर आपोआप येऊन पडते. किंबहुना गळके खुराडे उघड्या झाडापेक्षाही घातक असते. झाडावर एक कोंबडी मारली गेली तर बाकीच्या उडून जातात. बंद खुराड्यात त्यांना जागा सोडता येत नाही, त्यांची फडफड शिकाऱ्याला पुनःपुन्हा चेतवीत राहते, आणि पोट एकीनेच भरणार असले तरी सकाळी दहा मृत पक्षी आढळतात. मालक अशा वेळी त्या प्राण्याला क्रूर म्हणतो. पण तो प्राणी आत शिरू शकला आणि कोंबड्या बाहेर पडू शकल्या नाहीत, ही व्यवस्था त्या प्राण्याने केलेली नसते.

शत्रूंची ओळख

जाळी निवडण्यापूर्वी आपल्या मुलखात कोणते शत्रू आहेत याची मोजदाद करावी. महाराष्ट्रात त्यांची यादी बरीच मोठी आहे. मुंगूस दिवसाढवळ्या येते, आणि दुपारी खुराड्याचे दार उघडे टाकणाऱ्याला त्याचा उपद्रव विशेष होतो. रानमांजर, उदमांजर आणि गावातील भटकी मांजरे रात्री येतात. त्यांपैकी उदमांजर चढण्यात तरबेज असून कौलांच्या फटींतून उतरण्यास कचरत नाही. कोल्हा आणि कुत्रा भिंतीच्या बुडाशी उकरतात. घूस जमिनीखालून बीळ काढते. उंदीर अंडी आणि पिल्ले पळवितो, खाद्य नासतो, आणि त्याच्या मागोमाग धामण व नाग येतात. दिवसा मोकळ्या अंगणात घार, शिक्रा आणि कावळे पिल्लांवर झडप घालतात. उसाच्या पट्ट्यात आणि डोंगरालगतच्या वस्त्यांत बिबट्याचीही धास्ती असते. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे करू.

हल्ला होऊन गेला असेल तर जागेवरच्या खुणांचा पंचनामा शांतपणे करावा. बुडाशी माती उकरलेली असेल तर संशय कुत्र्यावर किंवा कोल्ह्यावर जातो. अनेक पक्षी मारून तेथेच टाकलेले असतील तर बहुधा ते कुत्र्याचे काम असते. अंडी टरफलासकट नाहीशी होत असतील आणि कोठेही फट दिसत नसेल तर सापाचा विचार करावा, कारण साप अंडे सगळेच गिळतो. उलट टरफले फुटून विखुरलेली असतील तर मुंगसाचा संशय घ्यावा, कारण ते अंडे मागच्या पायांमधून दगडावर फेकून फोडते. लाकडावर, प्लास्टिकवर किंवा दाराच्या कडेवर जोडीने उमटलेले दातांचे ठसे उंदराची किंवा घुशीची साक्ष देतात. पक्षी आतच असून त्याचा पाय किंवा मुंडके तुटलेले आढळले, तर शत्रू आत शिरलाच नव्हता. मोठ्या भोकांतून पंजा घालून त्याने जवळ बसलेल्या पक्ष्याला जाळीपाशी ओढले, एवढाच त्याचा अर्थ होतो.

हे प्राणी मारून प्रश्न सुटत नाही. त्यांपैकी बहुतेक वन्य प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने संरक्षण दिलेले आहे. शिवाय एक मुंगूस मारले तर त्याची हद्द मोकळी होते आणि दुसरे तिचा ताबा घेते. उंदीर आणि साप यांना आवर घालणारे हेच प्राणी शेतकऱ्याच्या उपयोगाचेही आहेत. म्हणून त्यांना बाहेर ठेवणे हाच न्याय्य आणि टिकाऊ मार्ग होय.

जाळीचे प्रकार

हार्डवेअरच्या दुकानात कोंबड्यांसाठी म्हणून जी जाळी सर्वप्रथम पुढे केली जाते ती षट्कोनी भोकांची, पिळाच्या बारीक तारेची असते. कोठे तिला मुर्गा जाळी म्हणतात, कोठे कोंबडी जाळी. गवंडी हीच जाळी विटा आणि सिमेंट-काँक्रीट यांच्या सांध्यावर, गिलाव्याला तडा जाऊ नये म्हणून, ठोकतात. तिचा उगम इंग्लंडातील नॉर्विच येथे झाला. त्या विणकरांच्या नगरीत चार्ल्स बार्नर्ड या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने १८४४ मध्ये कापड विणण्याच्या यंत्राच्या धर्तीवर ती तयार केली. हलकी, स्वस्त आणि हवी तशी वळणारी असल्यामुळे ती जगभर पसरली. परंतु तिचे सांधे नुसते पीळ घातलेले असतात, डाक लावलेले नसतात. जोराने ओढले असता षट्कोन ताणला जाऊन भोक रुंदावते, आणि तार इतकी बारीक असते की मोठा कुत्रा ती दातांनी फाडतो. दिवसा अंगणात कोंबड्यांना वाफ्यांपासून दूर ठेवण्यास ही जाळी योग्य आहे. रात्रीच्या पहाऱ्यावर तिला नेमू नये.

दुसरा प्रकार वेल्डमेशचा. यात आडव्या-उभ्या तारा प्रत्येक छेदावर वितळवून जोडलेल्या असल्यामुळे चौकोन ताणला जात नाही, आणि एक तार तुटली तरी शेजारचे चौकोन शाबूत राहतात. खुराड्याच्या कामासाठी हाच प्रकार श्रेष्ठ होय. तिसरा प्रकार साखळी जाळीचा, म्हणजे तारांच्या नागमोडी वळ्या एकमेकींत गुंतविलेल्या कुंपणाच्या जाळीचा. तिची तार जाड असते, पण भोके बहुधा दोन इंची असल्यामुळे मुंगूस, उंदीर आणि साप यांना ती दाराप्रमाणे मोकळी असते. बाहेरच्या आवाराला ती शोभते, खुराड्याला नाही. प्लास्टिकची जाळी उंदीर कुरतडतो आणि उन्हाने ती ठिसूळ होते. कोकणात मासेमारीची जुनी जाळी अंगणावर पसरतात. घार आणि शिक्रा यांच्याविरुद्ध ती उत्तम काम देते, परंतु तिची कड जमिनीपर्यंत लोंबू देऊ नये, कारण साप तिच्यात अडकून हाल होऊन मरतो आणि त्याला सोडवू जाणाऱ्याच्या जिवालाही धोका असतो.

भोक आणि तार

जाळी विकत घेताना दोन मापे पाहावयाची असतात : भोकाचे आणि तारेचे. कारागीर भोकाचे माप सुतात सांगतात. एका इंचाचे आठ सूत होतात, म्हणून अर्धा इंची जाळी ती चार सुती. बहुतेक सस्तन शिकाऱ्यांचे अंग लवचीक असते; डोके गेले की मागाहून सगळे शरीर जाते. म्हणून भोक डोक्याच्या मापाने ठरवावे. चार सुती भोकातून मुंगूस, मांजर, घूस किंवा पूर्ण वाढीचा उंदीर जाऊ शकत नाही, कोणाचा पंजाही आत पोचत नाही, आणि अंडे गिळू शकेल इतका मोठा सापही अडतो. अंडे गिळून फुगलेला साप आल्या वाटेने परत जाऊ शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे. सकाळी खुराड्यात हात घालण्यापूर्वी उजेडात पाहून घेण्याचा शिरस्ता म्हणूनच चांगला. लहान पिल्लांच्या पेटीला मात्र दोन सुती, म्हणजे पाव इंची, जाळी लागते, कारण उंदराची पिल्ले आणि बारके साप चार सुतांतून निसटू शकतात. मोठ्या कुक्कुटगृहांत एक इंची जाळी सर्रास दिसते; परंतु तिच्यातून चिमण्या ये-जा करतात. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ उघडकीस आल्यापासून रानपाखरे आणि पाळीव पक्षी यांचा संपर्क टाळण्याचे महत्त्व सर्वांच्या ध्यानात आले आहे, आणि पाऊण इंचाहून मोठे भोक त्या दृष्टीनेही गैरसोयीचे ठरते.

तारेची जाडी गेजमध्ये सांगतात, आणि येथे नवखा मनुष्य हटकून फसतो, कारण गेजचा आकडा जसा वाढतो तशी तार बारीक होत जाते. २२ गेजची तार सुमारे ०.७ मिलिमीटर, १९ गेजची १ मिलिमीटर आणि १६ गेजची १.६ मिलिमीटर जाड असते. हा फरक डोळ्याला किरकोळ वाटतो. पण तार तुटण्यास लागणारा जोर जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात आणि ती कायमची वाकविण्यास लागणारा जोर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे २२ गेजपेक्षा १९ गेजची तार तोडण्यास दुप्पट आणि वाकविण्यास जवळजवळ तिप्पट कठीण असते. चार सुती जाळीसाठी १९ गेज हे किमान माप समजावे. एक इंची जाळी कोठे वापरावयाचीच असेल तर ती १६ गेजहून बारीक नसावी. गेजच्या बाबतीत चिठ्ठीवर विसंबण्यापेक्षा रोल तोलून पाहावा. १९ गेजच्या चार सुती जाळीचे वजन चौरस मीटरला सुमारे एक किलो भरते, २२ गेजचे त्याच्या निम्मे. म्हणजे ३ फूट रुंद आणि ५० फूट लांब रोल १४ किलोंच्या आसपास भरला पाहिजे. तो ७ किलो भरला, तर दुकानदाराने सांगितलेला आकडा काहीही असो, तार बारीक आहे.

तिसरी बाब जस्ताच्या लेपाची. लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा थर चढविण्याच्या पद्धतीचे पेटंट स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच संशोधकाने १८३७ मध्ये घेतले. या लेपाचा विशेष असा की तो नुसता लोखंडाला झाकत नाही. जेथे ओरखडा पडून लोखंड उघडे होते तेथे शेजारचे जस्त आधी झिजते आणि लोखंडाला वाचविते. परंतु जाळी आधी जस्त चढविलेल्या तारेची करून मग वेल्ड केली असेल, तर प्रत्येक सांध्यावरचे जस्त उष्णतेने जळून जाते आणि गंज नेमका तेथूनच सुरू होतो. म्हणून वेल्डिंगनंतर जस्ताच्या कुंडात बुडविलेली जाळी मागावी; तिच्या सांध्यांवर जस्ताचे किंचित फुगीर, गुळगुळीत टिपूस दिसतात, आणि त्यांवरून ती ओळखता येते. समुद्रकाठची खारी हवा आणि विष्ठेतून निघणारा अमोनिया हे दोन्ही जस्ताचे वैरी असल्यामुळे कोकणात या बाबतीत काटकसर करणे महागात पडते.

उभारणी

उभारणीचा पहिला नियम असा की जाळी चौकटीच्या बाहेरच्या अंगाने ठोकावी. शत्रू बाहेरून रेटतो; जाळी बाहेरून लावलेली असेल तर त्याचा सगळा भार लाकडावर येतो, आतून लावलेली असेल तर तोच भार खिळ्यांना उपटू लागतो. नुसत्या यू-खिळ्यांवर भिस्त ठेवू नये, कारण लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आणि या ओढाताणीत खिळे सैल होतात. जाळीवर लाकडाची रीप दाबून ती स्क्रूने आवळावी, किंवा चार-चार इंचांवर रुंद वॉशर घालून स्क्रू बसवावेत. दोन पट्टे जेथे मिळतात तेथे ते चार इंच एकमेकांवर घेऊन बाइंडिंग तारेने शिवून टाकावेत, आणि शक्यतो हा सांधा खांबावरच येईल अशी तजवीज करावी. म्हणूनच खांबांमधील अंतर आणि उघडी उंची आधी ठरवून मग जाळी कापण्यापेक्षा, रोलच्या रुंदीवरून चौकट आखणे शहाणपणाचे होय. चार फुटी रोलसाठी ३ फूट ८ इंचांची मोकळी जागा ठेवली की वर-खाली दोन-दोन इंच ठोकण्यास उरतात आणि एकही तुकडा वाया जात नाही.

दुसरा नियम बुडाचा. खुराड्याला दीड फूट खोल पायाचे पक्के जोते असेल तर उकरणाऱ्यांची चिंता उरत नाही. लाकडी चौकट थेट जमिनीवर उभी असेल तर मात्र भिंतीच्या बुडापासून बाहेरच्या दिशेने दीड फूट रुंद जाळीचा पट्टा जमिनीलगत पसरावा आणि भिंतीच्या जाळीला तारेने शिवावा. कुत्रा किंवा कोल्हा नेहमी भिंतीला अगदी भिडून उकरतो. पंजाखाली जाळी लागताच तो थबकतो, आणि दीड फूट मागे सरून तेथून भुयार काढावे हे त्याला सुचत नाही. घूस अधिक चिकाटीची असल्यामुळे तिच्या मुलखात खुराड्याच्या तळालाही जाळी अंथरून तिच्यावर सहा इंच माती दाबावी. कोंबड्यांना मात्र उघड्या तारेवर उभे करू नये. त्यांच्या पायांना जखमा होतात. कोकणातील जांभ्यावर खणणे कठीण, म्हणून तेथे पट्टा सपाट पसरून त्यावर चिरे रचणे पुरे होते. देशावरच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि त्या भेगा भिंतीच्या बुडाशीच रुंदावतात, म्हणून तेथे पट्ट्याची बाहेरची कड मातीत वळवून पुरावी. जमिनीत जाणाऱ्या जाळीवर डांबराचा हात दिल्यास ती अधिक वर्षे टिकते.

हिशेबासाठी ८ फूट लांब आणि ६ फूट रुंद खुराड्याचे उदाहरण घेऊ. त्यात वीस कोंबड्या रात्री सुखाने राहतात. त्याचा घेर २८ फूट, आणि चारी कोपरे झाकावयाचे तर बुडाच्या दीड फुटी पट्ट्याची लांबी ३४ फूट होते. तीन फुटी रोल मधोमध उभा कापला तर १७ फुटांत हे सगळे काम भागते.

तिसरा नियम छपराचा. पन्हळी पत्र्याच्या लाटा आणि त्यांखालचा वासा यांमध्ये पाऊण इंचाच्या आसपास पोकळी राहते, आणि भिंती भक्कम करून दमलेला मालक तिच्याकडे पाहतही नाही. उंदीर आणि साप तेथूनच आत येतात. प्रत्येक पन्हळीत जाळीची दुमडलेली पट्टी ठासावी. मंगळुरी कौले असतील तर त्यांखाली सबंध चार सुती जाळी ताणावी, कारण कौल सरकविणे उदमांजराला अवघड नसते.

चौथा नियम दाराचा. दार आणि चौकट यांत चार सुतांहून अधिक फट असू नये. खाली पक्का उंबरठा असावा, म्हणजे दाराखाली नाक घालून उचकटण्यास जागा राहत नाही. नुसती सरकती खिट्टी धक्क्यांनी हळूहळू सरकते; कडी-कोयंडा घालून त्यात पिन किंवा कुलूप अडकवावे. आत बसण्याच्या दांड्या जाळीपासून निदान एक फूट दूर ठेवाव्यात, म्हणजे चुकून कोठे मोठे भोक राहिले तरी पंजा पोचणार नाही.

काम संपल्यावर तारेची टोके आत वाकवून घ्यावीत आणि खाली पडलेले तुकडे लोहचुंबक फिरवून वेचावेत. कोंबडी चकाकणारी वस्तू टिपते, आणि जस्त चढविलेल्या तारेचे तुकडे पोटात गेल्यास जस्ताची विषबाधा होऊन ती मरू शकते.

बिबट्याचा प्रदेश असेल तर वर सांगितलेली जाळी एकटी पुरणार नाही. तेथे लोखंडी चौकट, बाहेरून जाड तारेची साखळी जाळी, वरून बंद छप्पर आणि आत चार सुती जाळी असा दुहेरी बंदोबस्त करावा. खुराडे उसाच्या कडेपासून दूर, घराजवळ आणि दिव्याच्या उजेडात असावे.

देखभाल आणि खर्च

बारीक भोकांत धूळ, पिसे आणि कोळिष्टके अडकून हवा कोंडते; कोंबडीला घाम येत नसल्यामुळे कोंडलेली हवा वैशाखात तिच्या जिवावर बेतते. म्हणून जाळी आठवड्यातून एकदा ब्रशने झाडावी. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर सगळा घेर हाताने दाबून तपासावा. जेथे जाळी दबते, स्क्रू हलतो किंवा सांध्यावर तांबूस डाग दिसतो तेथे त्याच दिवशी दुरुस्ती करावी. शिकारी प्राणी रोज रात्री हीच तपासणी करीत असतो, आणि ती तो कधी चुकवीत नाही.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. चार सुती, १९ गेजची, नंतर जस्त चढविलेली जाळी मुर्गा जाळीपेक्षा बरीच महाग पडते, आणि ज्या घरात अंड्यांच्या विक्रीवर मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च चालतो तेथे हा फरक लहान नाही. अशा वेळी जाळी हलकी न घेता खुराडे लहान करावे आणि कोंबड्या कमी ठेवाव्यात. दिवसाच्या अंगणाला स्वस्त जाळी चालेल, कारण तेथे माणसांचा वावर असतो. पैसा रात्रीच्या खोलीवर एकवटावा. वीस कोंबड्या गळक्या खुराड्यात ठेवणाऱ्याकडे एका रात्रीनंतर एकही न राहण्याचा संभव असतो. आठ कोंबड्या पक्क्या खुराड्यात ठेवणाऱ्याकडे वर्षअखेर आठही असतात, आणि त्यांच्या अंड्यांतून पुढच्या वर्षीच्या रोलचे पैसे उभे राहतात. जितक्या कोंबड्यांना आपण रात्री खरोखर सुरक्षित ठेवू शकतो, तितक्याच पाळण्याचा आपल्याला अधिकार आहे.